तुटक रेषा

प्रतापनगरच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
मी सरळ रेषा काढल्या,
डब्यांच्या, दरवाजांच्या, कड्याकोयंड्यांच्या.
आता उरली ही मागची जागा,
बारा फूट बाय सात,
आणि हात, ज्यांना अजून काटकोन हवा असतो.

दिवाळी सरली की माती चाळतो.
रेतीच्या जाळीतून दोनदा,
मग पिठाच्या चाळणीतून एकदा
(शरयूला चाळणीचं सांगू नका).
दोरी ताणून मेथीच्या पाच ओळी, कोथिंबिरीच्या तीन,
मुळा कडेला, पाहुण्यासारखा.
पाणी शिंपडून पाठ सरळ केली
तर भिंतीवर ती,
करडे पट्टे, एक कान दुमडलेला,
बघत होती, जसा घरमालक
बांधून झालेल्या घराकडे बघतो.

सकाळी तिसऱ्या ओळीत खड्डा.
नीट उकरलेला, नीट बुजवलेला.
आत काय होतं ते हाताला कळलं,
नाकाच्या आधी.

संत्र्याची सालं टाकली. ओलांडून गेली.
कॉफीचा चोथा घाला, भाची म्हणाली.
आमच्याकडे चहा. चहाचा घातला.
मेथीला आवडला.
निळीच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या,
तर एकीला अंग घासून ती तिथंच पसरली, उन्हात.

निरुपाबेनना विचारलं, तुमची का ही?
‘मारी नथी. आवे छे, एटले दूध आपुं छुं.’
म्हणजे दूध त्यांचं,
बाकीचं माझं.

या गावात विश्वामित्रीतून मगर अंगणात आली
तर फोन करायला नंबर आहे.
माणसं येतात, दोर घेऊन, जाळं घेऊन.
मांजरासाठी कुणाला फोन करायचा?

मग माळ्यावरून उतरायणाची फिरकी काढली.
मांजा नको, पंजा कापेल, शरयू म्हणाली.
म्हणून साधा दोरा, काच न लावलेला,
वीत-वीत अंतरावर, उभा, आडवा,
साहेबांनी न बघता सही केली असती असा.
रात्री ती खालून गेली
आणि एक टोक पायात घेऊन निघाली
ते थेट कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत.

मांजर आडवं गेलं की काम बिघडतं म्हणतात.
ही आडवी जातच नाही.
कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते, कर्णावरून.
आयतातली सगळ्यात लांब रेषा,
आणि नेमकी तीच मी काढली नव्हती.

एका रात्री बॅटरी आणि पिचकारी घेऊन
लिंबाआड बसलो.
ती आली. माती हुंगली. जागा बदलली. पुन्हा हुंगली.
बसली तेव्हा दूर कुठंतरी बघत होती,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या बाईसारखी.
मग बुजवलं. वळून तपासलं.
एक कोपरा राहिला होता, तोही बुजवला.
एकतीस वर्षांत असं काम तपासणारे
मला दोनच भेटले.
पिचकारी भरलेलीच घरात आणली.

निरुपाबेनच्या फरशीकामातली रेती उरली होती.
लिंबामागं दोन फूट बाय दोन फूट,
चाळून. (तीच चाळणी.)
मेथीवर बोगनवेलीच्या काटक्या.
अकरा दिवस तिनं रेतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
बाराव्या दिवशी तिथं एक उंचवटा होता,
आणि मी तो बघायला शरयूला
कणकेच्या हातांनी बाहेर बोलावलं.

आता मेथी वर आली आहे.
तिसऱ्या ओळीत हातभर जागा रिकामी,
तिथं पुन्हा पेरलं नाही.
काम संपल्यावर एक नकाशा करायचा असतो,
ठरलं होतं तसा नव्हे, झालं तसा.
काल ट्रेसिंग पेपर काढला.
ओळी काढल्या, खंड पडलेली तिसरीसुद्धा,
लिंबू, रेतीचा चौकोन,
आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तुटक रेषा.
आमच्यात तुटक रेषेचा अर्थ,
वस्तू आहे, इथून दिसत नाही.

निरुपाबेनना भिंतीवरून एक जुडी दिली.
दोनदा धुवा म्हटलं.
कोथिंबिरीचं अजून काही सांगता येत नाही.